खाडीचा हिरवा, पडद्यावरचा राखाडी

ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीकडे पाहिलं की तिवरांचा जो पट्टा दिसतो, त्याचा हिरवा कुठल्याही ट्यूबमध्ये मिळत नाही. तो मिसळूनच काढावा लागतो. भरपूर पिवळा, त्यात जरासा निळा, वर चिमूटभर तपकिरी, आणि ओहोटीच्या चिखलालगतचा भाग असेल तर तपकिरी आणखी थोडा. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेलं कुठलंही पोर हे काम पोस्टर कलरने सहज करतं. तेच पोर टॅबलेट मांडीवर घेतं, पिवळ्याचा एक पट्टा ओढतं, त्याला चिकटून निळ्याचा ओढतं आणि दोघांच्या मधे स्मजचा, म्हणजे रंग फासून एकमेकांत ओढणारा, ब्रश घासतं. हिरवा काही येत नाही. येतो तो ओल्या सिमेंटचा रंग.

यात हाताचा दोष नाही आणि टॅबलेट स्वस्तातला असल्याचाही नाही. पडद्यावर, ० ते २५५ च्या मापात, शुद्ध पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. शुद्ध निळा म्हणजे ०, ०, २५५. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘मिसळा’ याचा अर्थ ‘बेरीज करा आणि दोनने भागा’ एवढाच असतो. उत्तर १२८, १२८, १२८. तिन्ही आकडे सारखे, म्हणजे राखाडी. कोणी म्हणेल, गॅमा (पडद्याचे आकडे आणि खरा प्रकाश यांचं प्रमाण सरळ नसतं, तो हिशेब) नीट धरला नाही म्हणून असं होतं. गॅमा काढून, प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात सरासरी घेतली तर उत्तर येतं १८८, १८८, १८८. राखाडीच, फक्त जास्त उजळ. हिरवा या गणितात कुठे दडलेलाच नाही, मग तो निघणार कुठून?

पडदा प्रकाश देतो आणि रंग प्रकाश खातो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण ‘खातो’ हा शब्द अर्धीच गोष्ट सांगतो. रंगाच्या थरात शिरलेला प्रकाश दोन गोष्टींना सामोरा जातो. काही भाग रंगद्रव्याचे कण शोषून घेतात, काही भाग ते इकडेतिकडे विखुरतात, आणि विखुरता विखुरता जो पुन्हा वर येतो तो आपल्या डोळ्यांना रंग म्हणून दिसतो. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो आणि लाल-हिरवा परत पाठवतो. निळा रंग लाल प्रकाश गिळतो, निळा परत पाठवतो आणि बऱ्याचदा थोडा हिरवाही सोडून देतो. दोघांना एकत्र घोटलं की दोघांच्या तावडीतून सुटणारा प्रकाश एकच उरतो, हिरवा. म्हणजे तो हिरवा आपण तयार करत नाही. बाकीचं सगळं गिळून झाल्यावर तो उरलेला असतो.

या शोषण-विखुरण्याचं गणित पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक या दोघांनी १९३१ साली मांडलं. चित्रकारांशी त्याचा संबंध नंतर आला. ते लिहिलं गेलं रंगाच्या लेपांसाठी, म्हणजे भिंतीच्या आणि लोखंडाच्या रंगांसाठी. आजही रंगाच्या दुकानात सोफ्याच्या कापडाचा तुकडा नेऊन ‘अगदी हाच शेड द्या’ म्हटलं आणि दुकानदाराने त्यावर स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे परत येणारा प्रकाश मोजणारं यंत्र, टेकवला, की आतलं सॉफ्टवेअर याच घराण्यातलं समीकरण सोडवत असतं.

समीकरणाची मोडतोड करून पाहायला कागद-पेन पुरतं. शोषणाला विखुरण्याने भागलं की एक गुणोत्तर मिळतं. जाड, अपारदर्शक थर असेल तर हे गुणोत्तर परत येणाऱ्या प्रकाशावरूनच काढता येतं: परत येणारा भाग एकातून वजा करा, जे उरेल त्याचा वर्ग करा, आणि परत येणाऱ्या भागाच्या दुपटीने त्याला भागा. मिश्रण करायचं ते या गुणोत्तरांचं, रंगांचं नव्हे. मग उलट यायचं: मिश्रणाच्या गुणोत्तरात एक मिळवायचा, आणि त्यातून ‘गुणोत्तराचा वर्ग अधिक गुणोत्तराची दुप्पट’ या बेरजेचं वर्गमूळ वजा करायचं. हाती येतो तो मिश्रणातून परत येणारा प्रकाश.

सोयीचे आकडे धरू. एक पिवळा घ्या, जो लाल प्रकाशातला ८५ टक्के, हिरव्यातला ७० टक्के आणि निळ्यातला फक्त ५ टक्के परत करतो. एक निळा घ्या, ज्याचे आकडे ४, १५ आणि ५०. पिवळ्याची गुणोत्तरं येतात ०.०१, ०.०६ आणि ९.०३. निळ्याची येतात ११.५२, २.४१ आणि ०.२५. निम्मं-निम्मं मिसळलं की ५.७७, १.२४ आणि ४.६४. उलटं गणित केलं की लाल ७ टक्के, हिरवा २४ टक्के, निळा ९ टक्के. पडद्याच्या ० ते २५५ च्या भाषेत, गॅमा धरून, साधारण ७७, १३३, ८४. हा हिरवा आहे, थोडा गडद, आंब्याच्या जून पानासारखा. याच दोन रंगांची सरळ सरासरी घेतली असती तर ४४.५, ४२.५ आणि २७.५ टक्के आले असते, म्हणजे पडद्यावर १७८, १७४, १४३. खाकी. पोलिसांच्या गणवेशाला चालेल, तिवराला नाही.

मला स्वतःला या हिरव्यापेक्षा पांढऱ्याचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. घरी रंगकाम काढलं की पेंटर पांढऱ्या डिस्टेंपरच्या बादलीत स्टेनरच्या बाटलीतून थेंब थेंब रंग सोडतो, ढवळतो, भिंतीवर एक बोट ओढून बघतो. बादलीभर पांढऱ्याला जेमतेम काही थेंब पुरतात. कपड्यांच्या निळीचंही तेच, बोटभर नीळ जास्त झाली की शर्ट निळसर दिसायला लागतो. पांढरा रंग प्रकाश जवळजवळ गिळतच नाही, म्हणून त्यात पडलेला एखादा गिळणारा कणही लगेच जाणवतो. वरच्याच निळ्याचा एक भाग आणि ९५ टक्के प्रकाश परत करणाऱ्या पांढऱ्याचे नऊ भाग घेऊन तेच गणित केलं, तर मिश्रण येतं पडद्यावरचं १३६, १८८, २३१. स्वच्छ आकाशी. सरळ सरासरीने येतं २३८, २४०, २४४. हा पांढराच, धुतल्यावर थोडा राहून गेलेला.

डिजिटल चित्रं खडूने काढल्यासारखी फिकट आणि निर्जीव का दिसतात, याचं निम्मं उत्तर या दोन ओळींत आहे. पडद्यावर रंग उजळ करायला पांढरा मिसळला की तो फक्त फिका होतो. खऱ्या पॅलेटवर मात्र काही रंग पांढरा मिसळल्यावर जास्त खुलतात. फ्थॅलो ब्लू ट्यूबमधून निघतो तेव्हा जवळजवळ काळा असतो. त्यात टिटॅनियम व्हाइट घातला की आधी तो पेटतो, मोरपंखीकडे झुकलेला झगझगीत निळा होतो, आणि बरंच पांढरं घातल्यावर मग फिका होत जातो. ही वाट सरळ नाही. मधे ती रंगाच्या बाजूला फुगते, आणि सरासरी त्या फुगवट्याला आडवी कापून जाते.

वरचं गणित मी तीनच आकड्यांत केलं, पण प्रत्यक्षात तीन पुरत नाहीत. शुद्ध पिवळ्यात निळ्या प्रकाशाचा आकडा शून्य, शुद्ध निळ्यात लाल आणि हिरव्याचा शून्य. शून्याने भागलं की गुणोत्तर अनंत होतं आणि मिश्रण काळं ठिक्कर. स्वतः प्रोग्राम लिहून पाहणारे पहिल्या संध्याकाळी याच खड्ड्यात पडतात. उपाय दोन. तात्पुरता म्हणजे शून्याच्या जागी ०.०१ सारखा किमान आकडा धरायचा. खरा म्हणजे लाल-हिरवा-निळा या तीन खिडक्यांऐवजी वर्णपटाचे जास्त तुकडे करायचे. विल्यम बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या इम्पास्टो या तैलरंगांच्या प्रारूपात आठ तरंगलांबी घेतल्या होत्या. त्याआधी, १९९७ मध्ये, कॅसिडी कर्टिस आणि मंडळींच्या जलरंगांवरच्या कामातही थरांचा रंग कुबेल्का-मुंक पद्धतीनेच काढला होता. म्हणजे विद्या जुनीच आहे. चित्रकाराच्या रोजच्या ब्रशपर्यंत ती पोचायला वेळ लागला.

वेळ लागला याचं कारण गणिताचा वेग एवढंच नव्हतं. साडी घेऊन नौपाड्यात मॅचिंग सेंटरला गेलेलं माणूस ब्लाउजपीस निवडल्यावर तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून समाधानी होत नाही. पायरी उतरून रस्त्यावरच्या उजेडात आणून बघतं. आत तंतोतंत जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे निघतात. डोळ्यांना ते सारखे दिसतात, पण त्यांनी प्रकाश गिळण्याची रीत वेगळी असते. आता पडद्यावरच्या एखाद्या हिरव्या ठिपक्याचा विचार करा. संगणकाला माहीत आहेत फक्त तीन आकडे. तो हिरवा व्हिरिडियन या एकाच हिरव्या रंगद्रव्यातून आला, की पिवळ्या-निळ्याच्या घोटण्यातून, याची कुठेही नोंद नाही. दोन्ही हिरवे दिसायला एक, पण त्यात लाल घातला तर एक करडा होईल आणि दुसरा तपकिरीकडे झुकेल. ब्रशने त्या ठिपक्यावरून जाताना नेमकं काय मिसळायचं?

ही कोंडी शार्का सोखोरोव्हा आणि ओन्द्रेय यामरिश्का यांनी २०२१ मध्ये ज्या तऱ्हेने सोडवली ती मला फार हुशारीची वाटते. त्यांच्या पद्धतीचं नाव मिक्सबॉक्स. पडद्यावरचा कुठलाही रंग ते चार ठरावीक रंगद्रव्यांचं मिश्रण आहे असं मानून टाकतात: फ्थॅलो ब्लू, क्विनॅक्रिडोन मॅजेंटा, हान्सा यलो आणि टिटॅनियम व्हाइट. या चारांची प्रमाणं काढायची. चारांतून न निघणारा एखादा भडक रंग असेल, म्हणजे हायलायटरचा पोपटी वगैरे, तर जो फरक राहतो तो तीन आकड्यांत बाजूला जपून ठेवायचा. मिसळताना प्रमाणंही मिसळायची आणि तो फरकही, आणि शेवटी पुन्हा पडद्याचा रंग काढायचा. फरक जपल्यामुळे एक फायदा होतो. काहीच न मिसळता रंग आत घातला आणि बाहेर काढला तर तो होता तसाच परत मिळतो. चित्रकाराला रंगद्रव्यांची नावंही ठाऊक असायची गरज नाही. तो नेहमीच्या चकतीवरून रंग उचलतो, घोटणं आतल्या आत होतं. हीच पद्धत रिबेल या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरच्या ५ प्रो आणि त्यापुढच्या प्रो आवृत्त्यांत ‘पिगमेंट्स’ नावाने आली. स्वतः काही बांधायचं असेल तर मिक्सबॉक्सचा कोड उघडा आहे, पण तो अव्यावसायिक वापरापुरता. विकायचं काम असेल तर परवाना वेगळा.

फुकटात करून पाहायचं असेल तर मायपेंट हे सॉफ्टवेअर. २०२० मध्ये आलेल्या त्याच्या २.० आवृत्तीत ब्रशच्या सेटिंगमध्ये पिगमेंट नावाची सरकपट्टी आहे. ० वर ठेवली की नेहमीचं मिश्रण, १ वर ठेवली की वर्णपटाचं. इथे पूर्ण कुबेल्का-मुंक वापरत नाहीत. वर्णपटाच्या दहा तुकड्यांत, दोन रंगांच्या परत येणाऱ्या प्रकाशाचा गुणाकार करून मूळ काढण्याची, म्हणजे भूमितीय सरासरीची सोपी वाट धरतात. पिवळ्या-निळ्याचं काम त्याने छान होतं. पांढऱ्यात थेंबभर निळ्याचं काम तितकं जोरकस होत नाही, कारण स्टेनरची खरी ताकद त्या शोषणाच्या गुणोत्तरात आहे आणि तेच इथे गाळलेलं आहे. ब्रशचा वेगही थोडा कमी होतो. जुन्या लॅपटॉपवर मोठा स्मज ब्रश पूर्ण पिगमेंटवर चालवलात तर रेघ हाताच्या मागे राहून येते. ब्रशचा व्यास कमी ठेवा, किंवा ढोबळ मिश्रण लहान कॅनव्हासवर करून घ्या.

बहुतेकांच्या हातात मात्र फोटोशॉप, प्रोक्रिएट किंवा क्रिटा असतं. फोटोशॉपचा मिक्सर ब्रश २०१० च्या सीएस५ पासून आहे आणि त्यात वेट, लोड, मिक्स, फ्लो असे चार आकडे आहेत. प्रोक्रिएटमध्ये वेट मिक्सखाली डायल्यूशन, चार्ज, अटॅक, पुल वगैरे. क्रिटाच्या कलर स्मजमध्ये स्मज लेंग्थ आणि कलर रेट. यांत ब्रश किती ओला, किती भरलेला, कॅनव्हासवरचा रंग किती उचलणार हे सगळं ठरवता येतं. पण उचललेला रंग मिसळायची वेळ आली की गणित तेच, बेरीज आणि भागाकार. लोक वेटचा आकडा ४० करतात, ६० करतात, हिरवा काही येत नाही म्हणून नवे ब्रश विकत घेतात. ब्रश बदलून तो येणार नाही.

येईल तो मधल्या थांब्यांनी. येऊरचा वळणावळणाचा रस्ता दोन टोकांत सरळ रेघ ओढून दाखवता येत नाही, पण प्रत्येक वळणावर खूण केली आणि खुणा सरळ रेघांनी जोडल्या तर जवळपास तोच रस्ता दिसतो. रंगांचंही तसंच. पिवळा आणि निळा यांच्यात सरासरी खोटी ठरते. पिवळा आणि त्याच्या शेजारचा पोपटी यांच्यात ती जवळजवळ खरी असते. म्हणून पॅलेटवर दोन रंग न ठेवता सात ठेवा, आणि स्मज फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांत करा. पिवळ्याची नि निळ्याची सीमा चित्रात कुठेही थेट येऊ द्यायची नाही, मधे आधी हिरवा भरायचा आणि मग दोन्हीकडून घासायचं.

हे मधले रंग अंदाजाने निवडता येतात, पण खऱ्या रंगातून काढले तर ती पॅलेट वर्षानुवर्षं पुरते. जाड कार्ट्रिज पेपरवर दोन सेंटिमीटरचे सात चौकोन आखा. पहिल्यात नुसता पिवळा. मग पिवळ्याच्या १६ थेंबांत निळ्याचा १, पुढे ८ ला १, ४ ला १, २ ला १, निम्मं-निम्मं, आणि शेवटी नुसता निळा. सुरुवात निम्म्या-निम्म्याने करू नका. निळा ताकदीचा असतो, निम्म्याला पोचेपर्यंत मिश्रण जवळजवळ निळंच होऊन बसतं आणि सगळे मजेचे हिरवे त्याच्या अलीकडे राहून जातात. नेहमी पिवळ्यात निळा सोडायचा, निळ्यात पिवळा नाही. उलटं केलंत तर निळा उतरवायला अर्धी ट्यूब पिवळा संपतो. पाण्याचं प्रमाण सगळ्या चौकोनांत सारखं ठेवा, नाहीतर फिकेपणा पाण्यामुळे आला की पिवळ्यामुळे हे कळत नाही.

हे चौकोन पडद्यावर आणायला फोटो काढायचा, तो पूर्ण वाळल्यावर. जलरंग वाळला की उजळतो, ॲक्रिलिक वाळला की गडद होतो, कारण ओला असताना त्याच्यातला दुधाळ बाइंडर रंग फिका दाखवतो. जुलैच्या ठाण्यात ‘वाळला’ हा शब्द जपून वापरावा लागतो. बोटाला कोरडा लागलेला कागदही हवेतला ओलावा धरून असतो, तेव्हा एक रात्र पंख्याखाली जाऊ द्या. खिडकीशी, थेट ऊन नाही अशा जागी, घरातले दिवे बंद करून फोटो घ्या. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा आणि व्हाइट बॅलन्स त्याच्यावरून ठरवा. फोटोतून रंग उचलणाऱ्या आयड्रॉपरचा आकार एका पिक्सेलचा ठेवलात तर कागदाच्या दाण्यावर जाऊन बसेल आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा देईल. सरासरीचा मोठा नमुना घ्या.

फाइल आठ बिटांची ठेवू नका, हे एक तांत्रिक पथ्य पाळाच. हलक्या स्मजमध्ये दोन रंगांत ५ चा फरक उरला आणि ब्रश त्यातला दहावा भाग उचलणार असेल, तर तो अर्धा आकडा. आठ बिटांत ० ते २५५ हे पूर्ण आकडेच मावतात, अर्धा आकडा लिहायची सोय नाही. तो गोल होऊन जातो, आणि कितीही घासलं तरी जुन्या रंगाचं एक भूत तिथे राहतंच. सोळा बिटांत ते राहत नाही. किंमत म्हणजे मेमरी: ए-फोर आकाराचा, ३०० डीपीआयचा एक भरलेला लेयर (चित्राचा थर) आठ बिटांत सुमारे ३५ एमबी होतो, सोळा बिटांत ७०. लेयर मोजून वापरा.

काहीजण मल्टिप्लाय मोडचा, म्हणजे वरच्या आणि खालच्या लेयरच्या रंगांचा गुणाकार करण्याचा, तोडगा सांगतात. तो निम्मा खरा आहे. पिवळ्यावर आकाशी निळा मल्टिप्लाय केला तर हिरवाच येतो, आणि वाळलेल्या जलरंगावर दुसरा पातळ वॉश दिल्यावर जे होतं त्याच्या तो बराच जवळ जातो. पण मल्टिप्लायने रंग फक्त गडद होऊ शकतो. त्यात पांढरा मिसळताच येत नाही. म्हणून थरांसाठी तो ठीक, घोटण्यासाठी नाही.

आणि घोटणं तरी पूर्ण कोण करतं? पॅलेट नाइफने तीन-चार वळसे दिले की सरावलेला चित्रकार थांबतो. त्या अर्धवट मिश्रणात पिवळ्याची एक शीर, निळ्याची एक शीर राहिलेली असते आणि ब्रशच्या एका फटकाऱ्यात तिन्ही रंग कागदावर उतरतात. तिवराच्या पानांना हेच हवं असतं. संगणक मात्र पिक्सेलपर्यंत उतरून मिसळतो, एकही शीर मागे ठेवत नाही. रंग अचूक हिरवा असूनही पट्टा प्लास्टिकचा वाटतो तो यामुळे. क्रिटात स्मजचा प्रकार डलिंगऐवजी स्मिअरिंग ठेवून पाहा. डलिंग ब्रशखालचा एकच रंग उचलून मिसळतो, स्मिअरिंग खालचं चित्रच ओढून नेतं, म्हणून शिरा शाबूत राहतात. ब्रशचं टोक गोल, मऊ नको, तुटक केसांचं हवं. मिक्सर ब्रशमध्ये प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश धुण्याचा पर्याय बंद ठेवा. धुतलेला ब्रश दर वेळी नवा रंग घेऊन येतो आणि खऱ्या कुंचल्याच्या पोटात मागचा रंग असतो तो इथे हरवतो. मात्र तीन-चार फटकाऱ्यांनी हाताने धुवा, नाहीतर सगळं चित्र एकाच मळकट रंगाकडे सरकत जातं. अगदी कागदावर सरकतं तसंच.

मळण्याचा विषय निघालाच आहे तर जांभळ्याचं सांगायला हवं, कारण तिथे खरी नक्कल लोकांना चूक वाटते. पडद्यावर लाल आणि निळा मिसळले की १२८, ०, १२८, स्वच्छ जांभळा. पिगमेंट चालू करून कॅडमियम रेडसारखा शेंदरी-लाल आणि फ्थॅलोसारखा निळा मिसळा. पिकलेल्या जांभळाऐवजी जळक्या वांग्याचा रंग हाती येतो. सॉफ्टवेअर बरोबर आहे. शेंदरी लाल निळा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळतो, तो निळा लाल प्रकाश पूर्ण गिळतो, दोघांच्या तावडीतून सुटायला काही उरतच नाही. जांभळा हवा तर लाल बदलायचा, थोडा निळा परत पाठवणारा मॅजेंटा किंवा क्रिमसन घ्यायचा. खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या गुलाबीलाही हीच गोष्ट लागू. मॅजेंटात पांढरा घातला की गुलाबी थंड, गुलबक्षीकडे जाणारा होतो, आणि टिटॅनियम व्हाइट त्याला आणखी थंड करतो. पंखांवर जी अबोलीची ऊब दिसते ती हवी असेल तर त्यात नारिंगीचा एक कण सोडावा लागतो. कणच. चमचाभर नारिंगी घातलात तर फ्लेमिंगोची शिजलेली कोळंबी होते.

या सगळ्या कौतुकानंतर एक संध्याकाळ काढायला घ्या. तलावपाळीची. मासुंदा तलावाचं पाणी निळसर काळं झालं आहे, काठावरच्या गाड्यांचे आणि होड्यांचे दिवे लागले आहेत, त्यांची पिवळी प्रतिबिंबं पाण्यात लांबट पडली आहेत. पिगमेंट चालू आहे. निळ्या पाण्यावर पिवळ्या उजेडाचा मऊ ब्रश फिरवता, आणि कडा हिरव्या होतात. तलावात शेवाळ पेटल्यासारखं दिसतं. प्रतिबिंब हा रंग नाही, उजेड आहे. उजेडात उजेड मिळवायचा असतो आणि इतका वेळ आपण ज्या बेरजेला नावं ठेवत होतो तीच इथे खरी आहे. म्हणून पाणी, झाडं, गाड्यांची कापडं एका लेयरवर पिगमेंट चालू ठेवून रंगवा. दिवे आणि प्रतिबिंबं वेगळ्या लेयरवर, पिगमेंट बंद, लेयरचा मोड ॲड किंवा स्क्रीन. आणि त्या लेयरवर स्मज वापरताना ‘सगळ्या लेयरमधला रंग उचला’ हा पर्याय बंद आहे ना, ते बघा. तो चालू राहिला तर खालचं पाणी ब्रशमध्ये चढतं आणि सगळी खटपट वाया जाते.

आकाशाचं याहून अवघड आहे. सूर्य गेल्यावर क्षितिजाशी पिवळा आणि वर निळा, मधे मात्र सहसा ठळक हिरवा दिसत नाही. दिसतो फिकट गुलाबी, कधी मळका पांढरा. जलरंगवाले या जागी पिढ्यान्‌पिढ्या फसत आले आहेत, ओल्यात ओलं सोडलं की क्षितिजावर हिरवा पट्टा उमटतो. पिगमेंटवाला ब्रश त्यांची ही चूकसुद्धा इमानदारीने करून देतो. तोडगाही त्यांचाच घ्यायचा. आधी पिवळा, तो वर जाताना विरत नेऊन जवळजवळ कागदाच्या पांढऱ्यावर आणायचा. तिथे गुलाबीचा अगदी पातळ हात. रिबेलमध्ये असाल तर लेयर वाळवून घ्यायचा. मग वरून निळा खाली आणायचा आणि गुलाबी लागताच ब्रश उचलायचा.